काळ्याच्या किती तऱ्हा!

गेले काही दिवस मी भेटेल त्याला गाठून एकच प्रश्न विचारतेय : कागदावर फोटो उमटताना तुम्ही कधी पाहिलाय का? प्रिंटरमधून सरकत बाहेर येताना नव्हे. कोरा पांढरा कागद पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रावणात बुडवायचा, ट्रेची एक कड हलकेच उचलत राहायची, आणि पंधरा-वीस सेकंदांनी त्या कोऱ्या कागदात कुठूनसा करडेपणा गोळा व्हायला लागतो. त्याची कड होते, कडेचा खांदा होतो, खांद्यावर मान येते आणि बघता बघता एक माणूस आपल्याकडे रोखून बघायला लागतो! मी पाहिलं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

तसे फोटो माझ्या रोजच्या कामातलेच. मासिकांच्या पानांची मांडणी करते मी. दिवसभर स्क्रीनवर फोटो उजळ कर, गडद कर, हेच चाललेलं असतं. फोटोशॉपमध्ये त्यासाठी दोन चिन्हं आहेत, एक काडीला लावलेल्या काळ्या चकतीचं आणि दुसरं वळवलेल्या हाताचं. वर्षानुवर्षं मी ती दाबत आलेय. ती आली कुठून, हा प्रश्न कधी मनातही आला नव्हता. आणि मग पुण्यातल्या एका जुन्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत, लाल दिव्याच्या उजेडात, एका ज्येष्ठ छायाचित्रकार काकांनी खिळ्यावरून एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. सायकलच्या स्पोकच्या टोकाला चिकटवलेली काळ्या पुठ्ठ्याची चकती. मी ओरडलेच, “काका, हीच ती!” त्यांना काही कळेना. मग त्यांनी दोन्ही हात एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडात धरून बोटांची लहानशी पोकळी केली आणि म्हणाले, “आणि ही दुसरी. हिला पैसे पडत नाहीत.” वळवलेला हात! माझ्या स्क्रीनवरची दोन्ही चिन्हं तिथे खरीखुरी, वापरून झिजलेली, समोर होती.

डार्करूममध्ये नक्की चालतं काय, ते सांगते. अगदी बारकाव्याने सांगते, कारण सगळी गंमत बारकाव्यातच आहे.

काकांनी त्या दिवशी काढलेली निगेटिव्ह होती कसबा पेठेतल्या तांबट आळीतली. फार वर्षांपूर्वी त्यांनीच टिपलेला फोटो. अंधारं दुकान, डाव्या हाताला रस्त्याकडे उघडणारं दार, दारातून आत पडलेला उन्हाचा पट्टा, मधे बसून तांब्याच्या बंबावर मठारकाम करणारा कारागीर आणि त्याच्या मागे काजळीने माखलेल्या भिंतीवर टांगलेली हत्यारं. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये गेली, खाली आठ बाय दहाच्या चौकटीत प्रतिमा पडली. काकांनी मला भिंग लावायला सांगितलं. त्या भिंगातून चेहरा दिसत नाही, फिल्मचा दाणा दिसतो. दाणे सुटे आणि धारदार दिसू लागले की फोकस बरोबर. मी मूठ फिरवली आणि एका क्षणी तो सगळा धूसरपणा बारीक वाळूसारखा टचटचीत झाला. अहाहा!

मग टेस्ट स्ट्रिप. कागदाची एक पट्टी घ्यायची, पुठ्ठ्याने झाकत झाकत दर तीन सेकंदांनी पुढे सरकायचं, म्हणजे एकाच पट्टीवर तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा सेकंदांचे पट्टे मिळतात. धुऊन झाल्यावर ती उजेडात धरली. बारा सेकंदांच्या पट्ट्यात भिंत बरोबर आली होती. मला वाटलं, झालं, बारा सेकंद! काका म्हणाले, “अगं, बारा सेकंद भिंतीला. माणसाचं काय? दाराचं काय?”

इथेच माझे डोळे उघडले. बारा सेकंदांत भिंत जमते, पण सावलीत बसलेल्या कारागिराचा चेहरा काळवंडतो. दाराबाहेरचा रस्ता तर उमटतच नाही, तिथे नुसता कोरा कागद. एकाच फोटोला तीन ठिकाणी तीन वेगळे वेळ हवेत! म्हणून ती चकती. बारापैकी तीन सेकंद ती चेहऱ्याच्या वर धरून हलवत राहायची, म्हणजे तेवढ्या जागी उजेड कमी पडतो आणि चेहरा उजळ राहतो. याला डॉजिंग म्हणतात. हलवत राहायचंच, स्थिर धरली की चेहऱ्याभोवती वलय उमटतं. मग उलटा प्रकार, बर्निंग. सगळा कागद हातांनी झाकायचा आणि बोटांमधल्या फटीतून फक्त दाराला आणखी वीस सेकंद उजेड द्यायचा. हे करताना प्रतिमा माझ्या पालथ्या हातांवर पडली होती. तांबटाच्या दुकानाची भिंत माझ्या मनगटावर, बंबाचा काठ करंगळीवर, आणि सगळं निगेटिव्हसारखं उलटं, काळोखाच्या जागी उजेड. आपल्याच कातडीवर एक दुकान पसरलेलं बघत, मनात आकडे मोजत, हात हलवत राहायचं! टायमरची टिकटिक, त्या लाल उजेडात काकांचा श्वास, बाकी आवाज नाही.

लाल दिवा का, हेही मला तिथेच कळलं. या कागदाला निळा आणि हिरवा उजेड दिसतो, लाल दिसत नाही. आणि आताच्या कागदांची करामत तर याहून पुढची आहे. त्यांच्यावर एकाहून अधिक प्रकाशसंवेदी लेपांचं मिश्रण असतं. निळ्या उजेडाला सगळे सारखेच जागे होतात, हिरव्याला मात्र काही जास्त, काही कमी. त्यामुळे एन्लार्जरमध्ये जांभळट गुलाबी फिल्टर घातला की चित्र कडक येतं, पिवळा घातला की मऊ. ब्रिटनच्या इल्फर्ड कंपनीने असा मल्टिग्रेड कागद १९४० साली बाजारात आणला. त्याआधी कडक निगेटिव्हला मऊ कागदाचं पाकीट आणि मऊ निगेटिव्हला कडक कागदाचं, असा संसार करावा लागे. आता एकाच कागदावर दार मऊ फिल्टरने भाजायचं आणि बंबावरचे मठार कडक फिल्टरने थोडे टोकदार करायचे, हे चालतं. आम्ही तेच केलं. त्या बंबावर हातोड्याची प्रत्येक टिचकी उमटलीय. एकेका खळग्यात उन्हाचा एकेक कण आणि कणाच्या बाजूला नखभर सावली. मोजत बसावंसं वाटतं.

आणि डेव्हलपर, म्हणजे ते पाण्यासारखं दिसणारं द्रावण! उजेड पडून गेलेला कागद आणि न पडलेला कागद, दोन्ही डोळ्यांना सारखेच कोरे दिसतात. पण उजेड पडलेल्या जागी चांदीच्या क्षाराच्या बारीकशा स्फटिकावर चांदीचे मोजके अणू एकत्र आलेले असतात. चार-पाच अणूंचा ठिपका असला तरी पुरतं. डेव्हलपरला तेवढा ठिपका सापडला की तो कोट्यवधी अणूंचा तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलून टाकतो. म्हणजे माझ्या समोर जो खांदा उमटत होता, तो आधीपासून तिथे होता! मी हे काकांना उत्साहाने सांगायला गेले, तर ते म्हणाले, “तिथे आहे हे खरं, पण घाई केलीस तर येणार नाही.” लाल उजेडात प्रिंट आहे त्यापेक्षा गडद भासते आणि नवख्याचा हात चिमट्याकडे जातो. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात वरवर काहीच होत नाहीसं वाटतं, पण भिंतीतली काजळी तेव्हाच खोल जाते. पाणी २० अंशांचं हवं, आणि पुण्यातल्या उन्हाळ्यात नळाला तीस अंशांचं येतं, म्हणून बाहेरच्या मोठ्या ट्रेमध्ये बर्फाच्या पिशव्या. मग व्हिनेगरच्या वासाचा स्टॉप बाथ, मग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. त्यात चांदीचे क्षार विरघळतात हे शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ सालीच नोंदवून ठेवलं होतं. फोटोग्राफी जन्माला आली तेव्हा, वीस वर्षांनी, तेच ज्ञान कामी आलं. औषध आधी तयार होतं आणि रोग नंतर आला, असा हा मामला.

हायपो झाला, काकांनी पांढरा दिवा लावला, आणि मी त्या भिंतीकडे बघत राहिले.

काय सांगू तुम्हाला! मी आयुष्यभर काळा म्हणजे एक काळा समजत होते. त्या भिंतीत काजळीचा काळा वेगळा, लोखंडी सांडशीचा वेगळा, लाकडी मुठीचा वेगळा, दोन हत्यारांमधल्या पोकळीचा वेगळा. तो पोकळीतला काळा इतका खोल की त्यात बोट जाईल. आणि त्या सगळ्यांमधून खाली उतरत करडे, राखी, धुरकट, आणि मग बंबाच्या काठावर एकच लखलखीत पांढरा, खुद्द कागदाचा. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या या प्रवासाचे शून्य ते दहा असे अकरा टप्पे पाडले, त्याला झोन सिस्टिम म्हणतात. मला ती आता कुठे थोडी उमगते आहे. पण आता रस्त्याने जाताना मी भिंतींच्या सावल्यांना आकडे देत असते, हे खरं.

अ‍ॅडम्सचं नाव निघालंच आहे तर त्याच्या ‘मूनराइज, हर्नान्डेझ, न्यू मेक्सिको’ या फोटोची गोष्ट ऐकाच. १९४१ च्या शरद ऋतूतली संध्याकाळ. गाडीने सांता फेकडे परतताना त्याला रस्त्याच्या कडेला एक खेडं दिसलं. दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर मावळतीचं शेवटचं ऊन, मागे बर्फाचे डोंगर, वर उगवलेला चंद्र. गाडी थांबवून त्याने भलामोठा आठ बाय दहाचा कॅमेरा उभा केला. आता प्रकाशमापक सापडेना! ऊन तर चाललेलं. मग त्याला चंद्राच्या पृष्ठभागाचं तेज किती असतं त्याचा आकडा आठवला, दर चौरस फुटाला २५० कँडल, आणि त्यावरून हिशेब करून त्याने फोटो घेतला. दुसरा घ्यायला फिल्म उलटवतो तोवर क्रूसांवरचं ऊन गेलं. एकच निगेटिव्ह! पुढे त्याला स्वतःलाच साल नीट आठवेना, तेव्हा खगोल अभ्यासकांनी आकाशातल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडून १ नोव्हेंबर ही तारीख काढली.

पण मला वेड लावलं ते पुढच्या भागाने. ती निगेटिव्ह छापायला अतिशय अवघड होती. खालचा भाग इतका पातळ आला होता की १९४८ साली त्याने धीर करून तेवढाच भाग रसायनाने पुन्हा गडद करून घेतला. आणि मग तो आयुष्यभर हा फोटो छापत राहिला, हजाराहून जास्त प्रिंट! सुरुवातीच्या प्रिंट पाहा, आकाश करडं आहे, वर ढगांचे पट्टे दिसतात. नंतरच्या पाहा, आकाश जवळजवळ काळं, ढग गडप, आणि त्या काळ्यात चंद्र असा काही टांगलेला की छाती दडपते. निगेटिव्ह तीच. माणूसही तोच. फक्त त्या फोटोत काय आहे याचं त्याचं आकलन वर्षागणिक बदलत गेलं आणि त्याने ते दरवेळी हातांनी, उजेड अडवून आणि उजेड देऊन, कागदावर उतरवलं.

अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायच्या तयारीत होता. निगेटिव्ह म्हणजे लिहून ठेवलेलं संगीत आणि प्रिंट म्हणजे त्याचं प्रत्यक्ष वादन, असं तो मानायचा. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नकोच. चार ओळींची बंदिश सगळ्यांना पाठ असते; मैफल ज्याची त्याची.

हे एकदा डोक्यात बसलं की छायाचित्रांचा सगळा इतिहास वेगळाच दिसायला लागतो. ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ हा छायाचित्रकार आपल्या प्रिंट स्वतः काढत नसे! त्याचं काम पॅरिसमध्ये पिएर गासमानच्या ‘पिक्तो’ या प्रयोगशाळेत व्हायचं, आणि तिथे व्होया मित्रोविच नावाचा कारागीर वर्षानुवर्षं त्याच्या निगेटिव्ह छापायचा. म्हणजे आपण जे राखी रंग ‘कार्तिए-ब्रेसाँचे’ म्हणून डोळ्यांत साठवलेत, त्यांत मित्रोविचचे हात आहेत. न्यूयॉर्कमध्ये मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी पाब्लो इनिरिओ प्रिंट काढायचा. डेनिस स्टॉकने टाइम्स स्क्वेअरमध्ये पावसात टिपलेला जेम्स डीन आठवतो? त्या फोटोची इनिरिओने खुणा केलेली एक प्रिंट आहे. सगळ्या चित्रभर वर्तुळं, रेघा आणि सेकंदांचे आकडे. इथे इतकं अडव, तिथे इतकं भाज. मला तर मूळ फोटोपेक्षा तो नकाशाच जास्त आवडतो. कलाकाराचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण हे डार्करूमचे लोक कायम पडद्यामागे राहिले आणि हे मला मनापासून खटकतं. छायाचित्रांच्या प्रदर्शनात चित्राखाली छापणाऱ्याचं नाव असलंच पाहिजे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला छायाचित्रकार ब्रेट वेस्टन. वडील एडवर्ड वेस्टन यांनी आपल्या निगेटिव्ह मुलांना छापू दिल्या. मुलाने काय केलं? १९९१ साली, ८० व्या वाढदिवशी, आपल्या निगेटिव्ह आगीत घातल्या. आपल्यामागे त्या दुसऱ्या कोणी छापू नयेत म्हणून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. आता तो ट्रे, ते हात, ते सेकंद पाहिल्यावर मला त्याचं म्हणणं कळतं, तरी त्या आगीचं दुःख होतंच.

बरं, प्रिंट हायपोतून निघाली म्हणजे संपलं असं नाही. काका जो कागद वापरतात तो फायबरचा, म्हणजे खऱ्या कागदावर बेरियम सल्फेटचा शुभ्र लेप आणि त्यावर चांदीचा थर. असा कागद हायपो पिऊन घेतो आणि तो सगळा बाहेर काढायला तासभर तरी वाहतं पाणी लागतं. घाईत धुतलेल्या प्रिंट पुढे पिवळ्या पडतात. वाळताना आणखी एक खोडी : ओली असताना झळाळणारी प्रिंट वाळली की जरा गडद होते, पांढरे मंदावतात. हे आधीच हिशेबात धरून उजेड थोडा कमी द्यायचा. अ‍ॅडम्स म्हणे चाचणीच्या पट्ट्या मायक्रोवेव्हमध्ये वाळवून बघायचा! काकांकडे केस वाळवायचा ड्रायर आहे. आणि शेवटी, अगदी शेवटी, धुळीच्या कणांमुळे राहिलेले पांढरे ठिपके तीन केसांच्या ब्रशने, पातळ रंगाने, एकेक टिंब ठेवत भरायचे. ब्रश ओढायचा नाही, टेकवायचा. काका हे काम श्वास रोखून करतात.

ते पाहून घरी आले आणि पहिलं काय केलं असेल, तर माळ्यावरून आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो काढला. लहानपणापासून पाहिलेला. पण यावेळी खिडकीशी नेऊन तिरका धरला, आणि आजोबांच्या काळ्या कोटाच्या कडांवर निळसर आरशासारखी चकाकी दिसली! चांदी! इतक्या वर्षांत हवेने पृष्ठभागावर आणलेली खरी चांदी. आणि नीट पाहिलं तर आजीच्या नऊवारीच्या काठांवरची बुट्टी न् बुट्टी जास्त स्पष्ट होती, चेहऱ्यांभोवती उजेड अंमळ मऊ होता. कोणीतरी तिथे चकती धरली होती. कुठल्या गावचा स्टुडिओ, कोण माणूस, काही ठाऊक नाही. पण त्याने माझ्या आजीच्या चेहऱ्यावर काही सेकंद सावली धरली, हे मी आज वाचू शकते. तुमच्या घरातही असा फोटो असेलच. खिडकीशी न्या आणि तिरका धरा. आत्ता!

आपल्याकडे या विद्येची मुळं चांगली खोल आहेत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली. राजा दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ थाटला. त्यांच्या काळात अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर, काचेची निगेटिव्ह चिकटून ठेवून, सरळ उन्हात प्रिंट निघत. एन्लार्जर नाही, लाल दिवा नाही, ऊन हाच दिवा. नंतरच्या काळात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद आला. १९६० साली उभी राहिलेली ही सरकारी कंपनी आता बंद पडली आहे, पण काकांच्या कपाटात इंदूचं एक रिकामं पाकीट अजून आहे आणि त्यात ते टेस्ट स्ट्रिप जपून ठेवतात. आज कागद बाहेरून येतो, इंग्लंडमधल्या मोबर्लीहून इल्फर्डचा, झेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोवेहून फोमाचा. महाग आहे. पण मिळतो! कारखाने चालू आहेत, कागद बनतो आहे, म्हणजे शिकायला वेळ गेलेली नाही.

मी तर ठरवून टाकलंय. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लागला आहे, दाराच्या फटीला जाड पडदा शिवून झाला आहे, तीन ट्रे आणि चिमटे आणले आहेत, काकांनी स्पोकची एक चकती कापून दिली आहे. आता फक्त एन्लार्जर हवा. बंद झालेल्या स्टुडिओंच्या माळ्यांवर ते धूळ खात पडलेत, हे मला पक्कं ठाऊक आहे; लोक ते किलोच्या भावाने भंगारात घालतात. कृपा करून घालू नका. लेन्सवर बुरशी असली तरी चालेल, बल्ब गेलेला असला तरी चालेल, फक्त खांब सरळ असावा आणि डोकं वर-खाली सरकत असावं. कोल्हापूर असो, नागपूर असो, नाहीतर पणजी. मी स्वतः न्यायला येते.